आता सगळे लाड रिसॉर्टमध्येच, प्रवासात काहीच उरलं नाही. पटतंय का?

कलिना_ते_पार्ले

फेब्रुवारीत आईच्या पंचाहत्तरीनिमित्त तिला मालदीवला नेलं, चार रात्री, पाण्यावरच्या खोलीत. परत आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

बाबा एअर इंडियात होते, जुन्या विमानतळाच्या हँगरमध्ये. आम्ही कलिन्याच्या कॉलनीत वाढलो. कर्मचाऱ्यांच्या पासवर जायचं म्हणजे सीट रिकामी राहिली तरच, त्यामुळे बॅगा घेऊन सांताक्रूझला जायचं, रात्री अकराला परत घरी यायचं आणि आईने वरणभाताचा कुकर लावायचा, हे आम्हाला नवीन नव्हतं. पण एकदा आत शिरलो की टॉफीचा ट्रे यायचा, कानात घालायला कापूस, चिमट्याने दिलेला गरम रुमाल, खिडकीभोवती झरोक्याची नक्षी, स्टीलचे खरे काटेचमचे. १९८४ ला जंबोने लंडनला गेलो तेव्हा आई कांजीवरम नेसली होती, निव्वळ विमानात बसायला, आणि आमच्या घरात ती साडी अजून 'विमानाची साडी' म्हणूनच ओळखली जाते. सोडायला अकरा माणसं आलेली, हार घेऊन.

आता मालदीवला जाताना काय झालं, तर आईचे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले, आम्हा दोघींना शेजारी बसायचं तर जादा पैसे, खायला ते गरम पाणी ओतायचे पोहे, तेही विकत. जवळपास तीन तास ती एक शब्द बोलली नाही. मग मालेला उतरलो, स्पीडबोट, जेट्टीवर चार जण हात हलवत उभे, गार रुमाल, शहाळं, आईचं नाव वाळूत लिहिलेलं. ती तिथे बसली आणि म्हणाली, "हा रुमाल पूर्वी विमानात द्यायचे गं."

तिचं बोलणं मला शंभर टक्के पटलं. आधी घरातून निघाल्यापासून सहल सुरू व्हायची, आता रिसॉर्टच्या जेट्टीवर पाय ठेवल्यावर सुरू होते आणि तिथपर्यंतचे सगळे तास आपण कसेबसे काढतो. तेच लाड काढून घेतले आणि दुसरीकडे दहापट किमतीला विकले. चुकत असेन तर सांगा.

कल्याण_स्लो

ताई, राग मानू नका पण हे साफ चूक आहे. तुम्ही ज्या विमानाची आठवण काढताय त्यात आमच्यासारखी माणसं नव्हतीच.

माझे वडील लालबागला गिरणीत होते, ८२ च्या संपात सगळं गेलं, मग वॉचमनची नोकरी. विमान म्हणजे आमच्या चाळीच्या गच्चीवरून दिसणारी वस्तू. २००३ ला कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन सुरू झाली आणि नंतर स्वस्तातल्या बाकीच्या आल्या तेव्हा कुठे आमच्यासारख्यांनी तिकिटाचे दर बघायला सुरुवात केली. २००६ ला मी वडिलांना बंगलोरला काकांकडे नेलं, वय ६६, पहिलंच विमान. पांढरा शर्ट आदल्या रात्री इस्त्री करून दारामागे टांगून ठेवला होता. टॉफी नाही, कापूस नाही, पाण्याच्या बाटलीला पैसे पडले. पण ढगांच्या वर आल्यावर त्यांनी माझा हात धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. ते आता नाहीत. मला तुमच्या काट्याचमच्यांचं काही वाटत नाही, खरंच नाही.

गुडघे टेकतात म्हणता, एकाच वर्गाच्या ए-३२० विमानात १८० सीट बसवतात म्हणूनच तिकीट तेवढ्यात मिळतं. त्यातली एक सीट माझ्या वडिलांची होती.

कार्गोवाले_काका

मी ३१ वर्षं विमानतळावर कार्गोत काढली, दोघांचंही ऐकलं, पण मूळ कारण कोणी सांगत नाहीये.

त्या काळी भाडं एअरलाइन ठरवतच नव्हती. आंतरराष्ट्रीय मार्गांवर आयाटाच्या, म्हणजे विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या, बैठकीत दर ठरायचे, सगळ्यांचे सारखे, सरकारं त्यावर शिक्का मारायची. मुंबई-लंडन कुणाकडूनही घ्या, पैसे तेवढेच. मग गिऱ्हाईक ओढायचं कशावर? जेवणावर, साडीवर, हसण्यावर. १९५८ ला अटलांटिकवर इकॉनॉमी वर्ग आला तेव्हा त्यात फक्त साधी थंड सँडविच द्यायची असं ठरलेलं, तर स्कँडिनेव्हियन एअरलाइनने पावाच्या तुकड्यावर एवढं काही रचलं की अमेरिकन कंपनीने तक्रार केली आणि दंड झाला. सँडविचवरून! आपल्याकडेही तेच. एअर इंडियाचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ ला कंपनीचं बोधचिन्ह, तो महाराजा, काढला, १९६७ ला कंपनीने चित्रकार साल्वादोर दालीकडून ॲशट्रे करून घेतला आणि मोबदल्यात त्याला हत्तीचं पिल्लू पाठवलं. हा सगळा खर्च तिकिटातच होता हो. अमेरिकेत १९७८ ला दर मोकळे झाले, आपल्याकडे विमानसेवा सरकारी कंपन्यांकडेच ठेवणारा १९५३ चा एअर कॉर्पोरेशन कायदा १९९४ ला रद्द झाला, आणि लोकांनी स्वतःच दाखवून दिलं त्यांना काय हवंय ते, पाचशे रुपये स्वस्त दिसलं की तिकडे.

त्यामुळे ताई, तुमचे लाड कोणी चोरले नाहीत, आपणच ते नको म्हटलं. रिसॉर्टवर मात्र चार पैसे जास्त द्यायला आपण तयार असतो कारण तिथले फोटो येतात. मला याचं वाईट वाटतं, मी तुमच्याच बाजूचा आहे, पण दोष विमानवाल्यांना देऊन भागणार नाही.

साडीतली_क्रू

लाड लाड म्हणताय सगळे. ते लाड करत होतो आम्ही.

मी ८३ ला एअर होस्टेस म्हणून लागले. आमच्या सीनियर मुली सांगायच्या की त्यांच्या वेळचा नियम काय होता, नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलंत तर घरी, पहिल्यांदा दिवस गेले तर घरी, आणि यातलं काही झालं नाही तर पस्तिशीला घरी. बरोबरचे पुरुष पर्सर ५८ पर्यंत. एअर इंडियाच्या एअर होस्टेस नर्गेश मिर्झा यांच्या खटल्यात १९८१ ला सुप्रीम कोर्टाने गरोदरपणाची अट रद्द केली, लग्नाची चार वर्षांची मात्र तशीच ठेवली. ज्या बाईने ताईंच्या आईला चिमट्याने रुमाल दिला ती कदाचित त्या वेळी साखरपुडा लपवून काम करत असेल.

आणि धूर. मागच्या रांगा स्मोकिंगच्या, पुढच्या नॉन स्मोकिंगच्या, धुराला रांग कळते का? नऊ तासांनी घरी आले की केसांना तीन दिवस वास. सामाजिक म्हणा, सुरक्षेच्या म्हणा, कुठल्याच दृष्टीने मला ते दिवस परत नकोत. १ जानेवारी १९७८ ला एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' नावाचं जंबो सांताक्रूझहून उडालं आणि वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, २१३ जण. कॅप्टनच्या समोरचं एक उपकरण बिघडलं, खाली अंधार समुद्र, विमान कुठे कललंय तेच कळलं नाही. आजच्या ट्रेनिंगमध्ये आणि यंत्रांमध्ये अशा एकेका अपघाताचा धडा आहे. गुडघे टेकले तर टेकू देत.

कलिना_ते_पार्ले

सम्राट अशोकचं नाव वाचून थांबले थोडा वेळ. मी सहा वर्षांची होते. बाबा दोन दिवस घरी आले नव्हते, कॉलनीत नव्या वर्षाचे लावलेले कंदील कोणीतरी न सांगता उतरवले एवढंच आठवतं. सुरक्षेचं तुमचं म्हणणं मान्य, त्यावर मी वाद घालणारच नाही. लग्नाच्या अटीचं मला खरंच माहीत नव्हतं, आईला वाचून दाखवलं, ती बराच वेळ गप्प होती.

पण कल्याण_स्लो, तुमच्या वडिलांचं वाचून डोळे भरले तरी माझा मुद्दा जात नाही. स्वस्त सीट असावीच. मी म्हणतेय ७५ वर्षांच्या बाईला मुलीशेजारी बसायला वेगळे पैसे का? त्याने तिकीट किती स्वस्त होतं?

दोन_पोरांची_आई_ठाणे

इथे सगळे विमानावरच बोलतायत, मी रिसॉर्टची बाजू घेते कारण नेहमी त्यालाच शिव्या पडतात, 'नुसतं पडून राहणं म्हणजे प्रवास का' वगैरे.

हो, मी पडून राहते. सकाळी पाचला उठून दोन डबे, आठ चौदाची ट्रेन, संध्याकाळी परत येऊन स्वयंपाक, वर्षाचे तीनशे दिवस. आम्ही दोन वर्षांतून एकदा गोव्याला एका मोठ्या रिसॉर्टमध्ये जातो, त्यासाठी भिशी लावलीय मी. तिथे कोणीतरी माझ्यासमोर गरम इडली आणून ठेवतं आणि ताट उचलून नेतं. मुलं पूलमध्ये, लाइफगार्ड बघतोय, मी तीन तास सलग झोपले मागच्या वेळी, दुपारी! सासूबाई पहिल्या दिवशी चहाचे कप विसळायला लागल्या, दुसऱ्या दिवशी नाही. ज्यांच्या हातचं कोणीतरी रोज आयतं खातं त्यांनाच कळतं हे, ज्यांना घरी आयतं मिळतं त्यांना 'खरा गाव, खरी माणसं' बघायला जावंसं वाटतं.

वेंगुर्ल्याकडचो

ठाण्याच्या ताई, तुमच्या झोपेबद्दल कुणाचंच काही म्हणणं नाही. पण माझ्या मावशीचं घर समुद्राला लागून आहे, तीन खोल्या पाहुण्यांना देते, घावणे, सोलकढी, बांगड्याचं तिखलं सगळं तीच करते, तुमचं ताटही तीच उचलेल, आणि पैसे तिच्या हातात पडतील. मोठ्या रिसॉर्टात रवतत ते आमच्या गावात येतच नाय ओ. गाडी गेटातून आत, चार दिवसांनी गेटातून बाहेर, बाजारात नारळसुद्धा घेत नाहीत. आमच्याकडे एका ठिकाणी किनाऱ्यावर जायची जुनी पाऊलवाट कुंपणात गेली, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं, ओढणारे आता अर्धा किलोमीटर वळसा घालून जातात. भरतीच्या रेषेखालची वाळू कुणाच्या खाजगी मालकीची नसते, पण तिथे पोचायची वाट अडवली की झालं.

आणि आठवणींचं म्हणाल तर मुंबईकरांच्या आठवणी काय फक्त विमानाच्या आहेत का? आमच्या आजीची आठवण भाऊच्या धक्क्याची. ट्रंकेवर बसून रात्रभर, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड करत करत बोट मालवण-वेंगुर्ल्याकडे, मोठी बोट काठाला लागायची नाही म्हणून बाहेर थांबायची आणि पडावातून माणसं, कोंबड्या, ट्रंका सगळं उतरायचं. पावसाळ्यात सगळं बंद. अर्ध्या लोकांना बोट लागायची, आजी पदराला आवळासुपारी बांधून ठेवायची. ती म्हणायची, "बोट लागली तरी चलात, गावाक पोचाक व्हया." रुमाल कोणी दिला नाही, पण शेजारच्या बाईने मूल सांभाळलं, कोणीतरी भाकरी दिली. प्रवासातले लाड माणसं एकमेकांचे करायची.

माफुशी_रिटर्न

मालदीवचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. तिथे १९७२ पासून एक बेट एक रिसॉर्ट अशीच पद्धत, म्हणजे ताईंना तिथला एकही स्थानिक माणूस त्याच्या घराच्या दारात दिसला नसणार. २००९ च्या आसपास वस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसला परवानगी मिळाली. आम्ही माफुशीला राहिलो, मालेहून दीड तासाची फेरी, समुद्र तोच, शार्क तेच, मालकाची आई सकाळी मास हुनी करते, टुना आणि खोबरं, आपल्या कोकणी माणसाला लगेच आवडेल. दारू मिळत नाही, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा किनारा, हे आधी माहीत असावं. ग्रीन टॅक्स २०२५ पासून रिसॉर्टला माणशी रात्रीला १२ डॉलर, छोट्या गेस्टहाऊसला ६. पाण्यावरची खोली नाही मिळाली, त्याची खंत बायकोला आहे, मला नाही.

दोन_पोरांची_आई_ठाणे

वेंगुर्ल्याचे दादा, मावशींना सुट्टी कधी असते? मी रिसॉर्टात गेले तर तिथली मुलगी आठ तासांनी घरी जाते, आठवड्याची रजा असते निदान. मावशी पाचला उठतात ना? माझ्यासारख्याच. त्यांच्या हातचं खाऊन मला आराम नाही मिळणार, मी उठून भांडी घासायला लागेन.

वेंगुर्ल्याकडचो

याला माझ्याकडे उत्तर नाही. मावशीला विचारतो.

कल्याण_स्लो

शेजारच्या सीटचे पैसे घेणं चूक, म्हाताऱ्या माणसांकडून तर नक्कीच, तेवढं मी मान्य करतो. बाकी एक अक्षर मागे घेत नाही. जुने दिवस चांगले होते असं जेव्हा कोणी म्हणतं तेव्हा मला दारामागचा तो पांढरा शर्ट दिसतो.

वेंगुर्ल्याकडचो

मावशीशी बोललो. म्हणाली मे महिना संपला की जून ते सप्टेंबर खोल्या बंद, तेव्हा तिची सुट्टी, आणि मुंबईला बहिणीकडे येऊन ती कुकरला हात लावत नाही. ठाण्याच्या ताईंना निरोप दिलाय, भांडी घासायची नाहीत असं कबूल करून या.

कलिन्याच्या ताई, तुमच्या आईंना एकदा मांडवी एक्सप्रेसने आणा. दिवसाची गाडी आहे, सीएसएमटीहून सकाळी निघते, आणि खाण्यासाठीच तिचं नाव आहे, दिवसभर डब्यात काही ना काही गरम येत राहतं. चिपळूणच्या पुढे खिडकीतून डोळा हलत नाही. कुडाळला उतरा, मी रिक्षा पाठवतो.

कलिना_ते_पार्ले

आईला वाचून दाखवलं. तिचे दोन प्रश्न आहेत, खिडकी नक्की मिळेल का, आणि मावशींना काय न्यायचं. आता बुकिंग ६० दिवस आधीच उघडतं म्हणून कॅलेंडरवर खूण करून ठेवलीय. कपाट उघडून ती साडी काढून बसलीय, ट्रेनमध्ये चुरगळेल म्हटलं तरी ऐकत नाहीये.