क्रीटमधली कामगिरी: श्रेय भाषेचं की गावकऱ्यांचं?

रानवाटा:
फौजेत भाषा शिकणाऱ्याला अजूनही कारकून समजतात, म्हणून हा धागा काढतोय. पॅट्रिक ली फर्मर हा इंग्रज लेखक १९३३ साली, अठराव्या वर्षी, हॉलंडहून पायी निघाला तो थेट इस्तंबूलपर्यंत. पुढे ग्रीक शिकला आणि त्याच जोरावर ब्रिटिश गुप्तवार्ता दलात आला. जर्मनांनी बळकावलेल्या ग्रीसच्या क्रीट बेटावर मेंढपाळाच्या वेशात डोंगरात राहिला. २६ एप्रिल १९४४ च्या रात्री त्याने, ब्रिटिश अधिकारी बिली मॉसने आणि क्रीटच्या साथीदारांनी जर्मन जनरल क्राइपेला त्याच्याच मोटारीतून पळवलं. जनरलची टोपी घालून ली फर्मर पुढे बसला आणि गाडी 22 चौक्या पार करून गेली!

पुढे एका पहाटे बर्फाच्छादित इडा शिखराकडे बघत क्राइपे रोमन कवी होरेसची लॅटिन ओळ पुटपुटला. उरलेली कविता ली फर्मरने म्हणून दाखवली. आपण श्लोकाचा पहिला चरण म्हणावा आणि शत्रूने पुढचे पुरे करावेत, तसं. माझ्या मते ही कामगिरी भाषेचीच.

मेधा:
अजिबात पटत नाही. क्रीटमधल्या आनोया गावाचं काय? ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांनी ते जमीनदोस्त केलं. जनरलला पळवणारे इथून गेले, हे जर्मन सेनापती म्युलरच्या हुकमात कारण म्हणून लिहिलंय. लोक फुटले नाहीत म्हणून ली फर्मर जगला.

रानवाटा:
त्याच हुकमात जर्मन सार्जंटचा खून आणि दामास्ता गावाजवळचा घातपातही आहे. सगळं खापर अपहरणावर कशाला?

माजी जवान:
१९८७ ला शांतिसेनेत जाफन्याला होतो. एका म्हातारीला घराबाहेर ये म्हणून मी हिंदीत ओरडत होतो, ती आणखीच आत सरकत होती. मद्रास रेजिमेंटचा एक पोरगा आला, रायफल पाठीवर टाकली, हळूच तमिळमध्ये म्हणाला, "वांग अम्मा", म्हणजे "या, आई." ती बाहेर आली, त्याचा हात धरून. तेव्हापासून भाषेला कमी लेखणाऱ्याशी माझं जमत नाही.

मेधा:
काका, भाषेला मी कमी लेखतच नाही. माझा राग श्रेयाच्या वाटणीवर आहे. योर्गोस प्सिखुंदाकिस नावाचा मेंढपाळ पोरगा डोंगरातून निरोप पोचवायचा. युद्ध संपल्यावर पळपुटा सैनिक ठरवून त्यालाच चुकून तुरुंगात टाकलं! त्याने लिहिलेल्या आठवणी ली फर्मरने इंग्रजीत आणल्या, १९५५ साली त्या छापल्या. ली फर्मरचं भाषेचं काम म्हणून मी आधी हे मोजेन, टोपी घालून केलेली ती सफर नंतर. त्याच योर्गोसने पुढे होमरची दोन्ही महाकाव्यं क्रीटच्या बोलीत उतरवली.