मदत हवी आहे: प्रॅक्टिकलची जर्नल तपासणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांना लेखन शिकवायला कसं तयार करायचं?

नमस्कार मंडळी. मी नेरूळच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे पीएचडी करणारी मुलं-मुली बीएस्सीची प्रॅक्टिकल्स घेतात, जर्नल तपासतात. तपासणं म्हणजे बहुतेक वेळा स्पेलिंगभोवती लाल गोल आणि खाली सही. खरी अडचण निष्कर्षात असते. टायट्रेशनची (द्रावणाची तीव्रता मोजण्याच्या प्रयोगाची) रीडिंग्ज एकमेकांशी नीट जुळतात, पण अपेक्षित उत्तरापेक्षा फरक पडला तर तो कुठून आला, या आकड्यावरून काय म्हणता येतं आणि काय नाही, हे लिहायला कुणी शिकवलेलंच नसतं. हे काम इंग्रजीच्या शिक्षकांवर ढकलू नये असं माझं ठाम मत आहे. पुरावा कशाला म्हणायचं हे विषयागणिक बदलतं: अर्थशास्त्रातला वेगळा, आमचा वेगळा.

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात वेगवेगळ्या विभागांत पहिल्या वर्षाचे लेखनवर्ग चालतात. त्यातले बरेच संशोधक विद्यार्थी घेतात आणि त्यांना त्यासाठी प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे २०२०च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधन आणलं, तेव्हा ही गरज आणखी वाढली आहे.

ठाणे-नवी मुंबईत कुणी असं प्रशिक्षण घेतलंय का? एकच जर्नल सगळ्यांनी वेगवेगळं तपासायचं, मग शेरे आणि गुण ताडून बघायचे, अशी सुरुवात करावी म्हणते. दोन-तीन शनिवार पुरतील? आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना निष्कर्षाचा पहिला मसुदा मराठीत लिहू द्यावा का? मला द्यावासा वाटतो, पण अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा. विद्यार्थ्यांच्या परवानगीने, नावं काढून ठेवलेली नमुना जर्नल्स कुणाकडे असली तर फार उपयोग होईल.