मदत हवी आहे: डाएटिशियनची इंटर्नशिप, हिशेब जमतो पण पेशंटशी बोलणं अडतं

नमस्कार मंडळी,

आहारशास्त्राची पदवी घेऊन सध्या एका मोठ्या हॉस्पिटलात इंटर्नशिप करते आहे. स्वयंपाकघराचं रोटेशन संपलं, आता वॉर्डात आहे. या क्षेत्रातल्या कुणाचा सल्ला मिळाला तर फार बरं होईल.

स्वयंपाकघर कंटाळवाणं असतं असं सगळे सांगायचे. मला तर ते मनापासून आवडलं. कागदावर 'मऊ आहार, मीठ कमी' एवढंच लिहिलेलं असतं, पण त्याचं ताट होईपर्यंत किती जणांचे हात लागतात हे तिथे कळलं.

खरी ओढाताण वॉर्डात होते, त्यातही किडनीच्या पेशंटबाबत. डायलिसिस सुरू नसताना प्रथिनं साधारण दर किलो वजनामागे ०.६ ते ०.८ ग्रॅम ठेवतात. डायलिसिस सुरू झालं की तीच १ ते १.२ ग्रॅमवर न्यावी लागतात, कारण त्या प्रक्रियेत अमिनो आम्लं शरीरातून निघून जातात. माणसाने वर्षानुवर्षं जे जपून, मोजून खाल्लं, तेच आता जास्त खा म्हणून मी सांगायचं. नातेवाईक विचारतात, "आधी तुम्हीच नको म्हणालात ना?" त्यांचं काहीच चुकत नाही. मी कारण सांगते, ते मान डोलावतात, आणि दुसऱ्या दिवशी ताट तसंच परत येतं. ते पाहून जीव तुटतो.

आनंदाचे दिवसही आहेत. बरेच दिवस उपाशी असलेल्या एका पेशंटचं ट्यूब फीडिंग, म्हणजे नळीवाटे अन्न देणं, सुरू झालं होतं. अशा वेळी उष्मांक एकदम वाढवले तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने घसरू शकतं, म्हणून रोजचे रिपोर्ट बघत होते. फॉस्फेट उतरलेलं दिसताच मॅडमना सांगितलं. फीड वाढवणं थांबवलं, फॉस्फेट भरून काढलं. त्या दिवशी वाटलं, आपण इथे हव्या आहोत.

पण राउंडला डॉक्टरांसमोर तोंड उघडायची वेळ आली की शब्द सुचत नाहीत. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत: उलटा वाटणारा सल्ला पेशंटच्या गळी कसा उतरवायचा? आणि राउंडला मोजक्या शब्दांत काय बोलायचं?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं डायलिसिस युनिटमध्ये आहे. सुरुवातच अशी कर: "आधीचा सल्ला तेव्हा बरोबर होता. आता उपचार बदलला, म्हणून आहारही बदलला." आपण इतकी वर्षं उगाच पथ्य पाळलं, हे त्यांच्या मनातून जायला हवं. ते गेल्याशिवाय पुढचं काही ऐकूच जात नाही.

डाएट चार्ट लगेच हातात देऊ नकोस. काल काय खाल्लं ते त्यांच्या तोंडून ऐक आणि त्यातलीच एक गोष्ट बदल. "समजलं का?" असं विचारलं की उत्तर 'हो'च येतं. त्याऐवजी "घरी जो स्वयंपाक करतो त्याला काय सांगाल?" असं विचार. फॉस्फेट कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी घेतात तेही बघ. त्या जेवणासोबतच घ्यायच्या असतात, आणि पुष्कळ जण रिकाम्या पोटी घेतात.

प्रतिसाद २

राउंडसाठी तीनच वाक्यं बांधून जा: अडचण काय, कशामुळे, आणि मला काय हवं. उदाहरणार्थ, "पेशंटला गरजेच्या निम्मेच उष्मांक मिळताहेत. तपासण्यांसाठी फीड सारखं बंद ठेवावं लागतं. बुडालेलं फीड नंतर वेग वाढवून भरून काढलं तर चालेल का?" डॉक्टरांना हो किंवा नाही म्हणता येईल असा प्रश्न असला की लगेच उत्तर मिळतं. बाकी आकडेमोड वहीत असू दे, विचारली तर दाखव.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. गोळ्यांच्या वेळेचं मी कधी विचारलंच नव्हतं, उद्यापासून विचारते. आणखी एक: ताट परत येतं तेव्हा पेशंटला भेटण्यापेक्षा जेवणाच्या वेळीच जवळ थांबलं तर उपयोग होतो, की त्यांना अवघड वाटतं?

प्रतिसाद १

थांब, पण वही-पेन बाहेर ठेवून जा.