मुलांच्या फोनवर लक्ष ठेवणार आहोत, हे त्यांना सांगायचं कसं?

आंबेमोहर
मुलगी 11 वर्षांची, मुलगा 15 चा. दोघांकडे अँड्रॉइड फोन. मुलीच्या फोनवर गूगलचं फॅमिली लिंक (मुलांच्या फोनवर देखरेख ठेवायचं ॲप) सुरू करायचंय, मुलगा इन्स्टाग्रामवर आहे. घरात दोन मतं आहेत. एक म्हणजे गुपचूप लावा, नाहीतर पळवाटा शोधतील. दुसरं, सांगूनच लावा. सांगायचं तर कोणत्या शब्दांत? दोघांना एकत्र बसवून की वेगवेगळं?

गवतीचहा
गुपचूपचा विचार सोडा. फॅमिली लिंक लपून राहतच नाही, खात्यावर पालकांची देखरेख आहे हे मुलीला तिच्या फोनवर दिसतं. लपून बसणारी ॲप बहुधा प्ले स्टोअरबाहेरून घ्यावी लागतात. बसवताना प्ले प्रोटेक्ट (घातक ॲप शोधणारी गूगलची तपासणी) बंद करायला आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचू देणारी, परवानगी द्यायला लावतात. म्हणजे फोनचं कुलूप आपणच काढायचं आणि पोरीचे मेसेज, फोटो, ठावठिकाणा अनोळखी सर्व्हरवर जाऊ द्यायचा. एवढं करून काही सापडलंच, तरी बोलणार कसं? "तुला कसं कळलं?" हा तिचा पहिला प्रश्न असेल. त्यावर पालक गप्प बसतात नाहीतर खोटं बोलतात, आणि जे कळलं त्याचा उपयोग शून्य.

ॲप लावायच्या आधी एक-दोन दिवस बोला. मार्क कमी आले त्या संध्याकाळी किंवा भांडण झाल्यावर मुळीच नको. ही शिक्षा आहे असं एकदा डोक्यात बसलं की निघता निघत नाही. आणि वेगवेगळं बोला. एकत्र बसवलंत तर मोठ्याला वाटेल, मला धाकटीच्या रांगेत बसवलं.

मुलीशी बोलताना दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवा आणि फॅमिली लिंक उघडून तुमचा फोन तिच्या हातात द्या. तिलाच बघू दे. मग म्हणा: "कुठलं ॲप किती वेळ वापरलंस ते मला दिसतं. फोन कुठे आहे ते दिसतं. नवीन ॲप घ्यायचं तर मला विचारणा येते. मैत्रिणीला काय लिहिलंस ते दिसत नाही." हे शेवटचं वाक्य गाळू नका. मुलांना धास्ती असते ती याचीच.

वेळेची मर्यादा तिच्याकडून ठरवून घ्या. ती दीड तास म्हणेल, तुमच्या मनात एक असेल. शाळेच्या दिवशी एक आणि रविवारी दीड असं जमतं. फोन आणि अभ्यासाचं ॲप 'नेहमी परवानगी' या यादीत टाका, म्हणजे दिवसाची मर्यादा संपली तरी ती चालतात. हे राहून गेलं की गृहपाठ अर्धवट असताना फोन बंद पडतो आणि पहिल्याच आठवड्यात रडारड होते. त्या दिवसापुरता जादा वेळ देण्याची सोयही ॲपमध्ये आहे. मागितला तर कारण ऐकून द्या.

पारिजात
15 वर्षांच्या मुलाचं गणित वेगळं. त्याचे मेसेज वाचणं म्हणजे त्याच्या मित्रांचेही मेसेज वाचणं, आणि त्या मुलांना तर तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. इन्स्टाग्रामवर किशोरवयीनांसाठी टीन अकाउंट आहे. खातं आपोआप खासगी राहतं, रात्री 10 ते सकाळी 7 सूचना बंद असतात आणि 16 च्या आत हे नियम सैल करायचे तर पालकांची संमती लागते. देखरेख जोडलीत तर गेल्या 7 दिवसांत तो कोणाशी बोलला हे दिसतं, काय बोलला ते नाही. जोडायला दोघांची संमती लागते, म्हणून इथे न सांगता करण्याचा प्रश्नच येत नाही. त्याला सुरुवातीलाच विचारा, "यातलं तुला काय खटकतं?" आणि उत्तर मधे न तोडता ऐका.

एक गोष्ट आधी तपासा. खात्यात जन्मतारीख खरी आहे ना? वय वाढवून खातं काढलं असेल तर यातलं काही नीट लागू होत नाही. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम दोन्हींना किमान वय 13 आहे, ते मुलीलाही आत्ताच सांगून ठेवा.

देखरेख कधी कमी होणार याची तारीखही द्या. "सहा महिने मर्यादा पाळलीस तर लोकेशन बंद करू" असं ठोस. शेवट दिसत नसला की मुलं पळवाटच शोधतात.

शाळाबाहेर
गळती कुठून होते ते सांगतो. टीव्हीवरचं यूट्यूब तुमच्या खात्याने उघडं असतं. घरातल्या जुन्या फोनवर मोठ्या माणसाचं खातं तसंच राहिलेलं असतं. आणि आजोबांचा फोन! आजी-आजोबांना आधी सांगा. नाहीतर "माझ्या नातीला काय तुरुंगात टाकलंय का?" म्हणत ते स्वतःचा फोन देतील आणि तुमच्या बोलण्याला किंमत राहणार नाही. काही कंपन्यांच्या फोनमध्ये एकाच फोनवर दुसरी स्वतंत्र जागा उघडता येते, तेही बघून घ्या.

आंबेमोहर
समजा धोक्याचं काही जाणवलं. तेव्हाही मेसेज बघायचे नाहीत?

गवतीचहा
बघायचे, पण त्याची अट आजच सांगून ठेवा: "कोणी धमकी दिली, पैसे किंवा फोटो मागितले, किंवा तू स्वतःला इजा करून घेशील असं वाटलं, तर मी फोन बघेन. बघण्याआधी तुला सांगेन." जोडीला हेही सांगा: "तू आपणहून येऊन सांगितलंस तर फोन काढून घेणार नाही." फोन जाईल या भीतीनेच मुलं ब्लॅकमेलिंग लपवतात. म्हणून हा शब्द पाळावाच लागतो.

तशी वेळ आलीच तर चॅट किंवा खातं डिलीट करू नका. समोरच्याचं युजरनेम, नंबर, तारीख दिसतील असे धमकीच्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. बाकी तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, आणि मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच. मुलाचा खासगी फोटो असेल तर तो कोणालाच पुढे पाठवू नका, मदत मागायला म्हणून नातेवाइकांनाही नाही. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा 18 च्या आतल्यांसाठी आहे. फोटो तुमच्याच फोनवर राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्यावरून त्या फोटो शोधून काढून टाकू शकतात.