मदत हवी आहे: 'माजी सैनिक (अपंग)' अशी खोटी पाटी लावून हातगाडी लावणाऱ्यावर कोणता गुन्हा लागतो?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. कायद्यातलं कळणाऱ्यांचा सल्ला हवाय, आणि जरा लवकर हवाय, कारण आमचे मामा एक दिवस स्वतःच जाऊन त्या माणसाची गाडी उलटी करतील.

सातारा जिल्ह्यातलं नगरपालिकेचं गाव. मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. सुरुंगावर पाय पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरचा कृत्रिम पाय लावून अजून सायकल मारतात. पेन्शन आहे, पण घरात बसवत नाही. एस.टी. स्टँडजवळ रसवंतीला जागा मिळावी म्हणून पालिकेत अर्ज दिलाय, तो कुठल्या कपाटात आहे देव जाणे.

त्याच स्टँडच्या तोंडाशी दिवाळीपासून एक हातगाडी लागते. पाण्याच्या बाटल्या, चिक्की, वेफर्स. स्टुलावर पन्नाशीचा माणूस, डोक्यावर चट्ट्यापट्ट्यांची टोपी, शेजारी कुबडी. मागे फ्लेक्स: वर सिंह आणि दोन तलवारी, खाली 'माजी सैनिक (अपंग). देशासाठी लढलो. सुटे पैसे परत मागू नयेत.' लोक वीसची बाटली घेतात, पन्नासची नोट ठेवतात आणि वर नमस्कार करून जातात.

मामांनी सहज विचारलं, "पलटण कुठली?" तर म्हणाला मराठा लाइट. "रिक्रूटी (म्हणजे भरतीनंतरचं ट्रेनिंग) कुठं केली?" तर म्हणाला खडकीला. मामा तिथेच उखडले. मराठा लाइटचं सेंटर बेळगावला. खडकीला रिक्रूटी होते ती बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे सैन्यातल्या इंजिनिअरांची. एवढं तर आमच्या आजीलाही पाठ आहे.

असं खोटा फौजी बनून धंदा करणं हा गुन्हा आहे का? शिक्षा किती? तक्रार पोलिसात करायची, पालिकेत, की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात? माझा भाऊ म्हणतोय सरळ व्हिडिओ काढून व्हायरल करू.

फौजी_नाना:
मामांना आधी माझा रामराम सांगा आणि घरी थांबवा.

खडकीवरून लगेच निकाल देऊ नका. जखमी जवानांचं पॅराप्लेजिक सेंटर खडकीला आहे, अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी १९१७ सालची क्वीन मेरी इन्स्टिट्यूटसुद्धा तिथलीच. एखाद्याच्या नोकरीच्या आठवणी तिथेच अडकलेल्या असू शकतात. मात्र 'रिक्रूटी' हा शब्द ऐकूनही खडकी म्हणाला असेल तर डाळीत काळं आहे हे मीही म्हणेन.

खरा असेल तर त्याच्याकडे डिस्चार्ज बुक असेल, सैनिक कल्याण कार्यालयाचं ओळखपत्र असेल, अपंगत्व सेवेमुळे आलेलं असेल तर पी.पी.ओ. वर (पेन्शनच्या आदेशावर) तशी नोंद असेल. पण हे कागद मागायचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही. कार्यालयाला लेखी कळवा, पडताळणी ते करतील.

चावडीवाचक:
खोटं अपंगत्व दाखवून लोक साहेब होतात, तिथे बाटल्या विकणारा गरीब सापडला का तुम्हाला? असो. चालू द्या.

काळाकोट:
फौजदारी वकिली करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि तुमचा प्रकार त्यानंतरचा, म्हणून कलमं तिचीच देते.

बहुतेकांना पहिलं आठवतं ते कलम १६८, जुन्या भारतीय दंड विधानाचं (भा.दं.वि.) १४०. सैनिक नसताना सैनिकाचा पोशाख किंवा चिन्ह वापरलं, आणि लोकांनी आपल्याला सैनिक समजावं हा हेतू असला, तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कलमाची भाषा नोकरीत असलेल्या सैनिकाची आहे. हा गडी स्वतःला 'माजी' म्हणवतो. बचावाचा वकील पहिल्याच तारखेला नेमकं तेच बोट ठेवेल. नुसती टोपी म्हणाल तर तसल्या टोप्या कॉलेजची पोरंही घालतात.

माझ्या मते फ्लेक्सवरची सगळ्यात महागडी ओळ 'सुटे पैसे परत मागू नयेत' ही आहे. छापील किमतीला बाटली विकली तर गिऱ्हाइकाचं नुकसान काय झालं, असा प्रश्न येतो. इथे मात्र लोक फौजी समजून जादा तीस रुपये ठेवतात. खोटं सांगून समोरच्याला पैसे द्यायला लावणं ही फसवणूक, कलम ३१८(४), 7 वर्षांपर्यंत कैद आणि दंड. आपण जे नाही ते आहोत असं भासवून फसवलं तर ३१९(२), 5 वर्षांपर्यंत. जुन्या ४१९ मध्ये हीच शिक्षा 3 वर्षांची होती. ज्याचं सोंग घेतलं तो माणूस खरा असायलाच हवा असं नाही, काल्पनिक असला तरी चालतो. फक्त तीस रुपये ठेवणारं एखादं गिऱ्हाईक 'पाटी वाचून दिले' असा जबाब द्यायला पुढे यावं लागेल, आणि तिथेच गाडं अडतं.

सिंह म्हणजे अशोकस्तंभावरचे सिंह असतील तर राजचिन्हाच्या गैरवापराचा २००५ चा कायदा वेगळा लागतो. 2 वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. फ्लेक्स छापून देणाऱ्यांना हे कुणी सांगतच नाही.

आता अपंगत्व. दिव्यांग हक्क कायदा २०१६, कलम ९१: किमान 40 टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी राखलेला लाभ कुणी लबाडीने घेतला किंवा घ्यायचा प्रयत्न केला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम पाटीला लागत नाही, लाभाला लागतं. त्याने पालिकेकडून दिव्यांग म्हणून जागा घेतली असेल, सवलत घेतली असेल, तर लागेल. त्यासाठी बनावट प्रमाणपत्र जोडलं असेल तर बनावट दस्तऐवजाची कलमं चढतात आणि प्रकरण खऱ्या अर्थाने गंभीर होतं. एकटं ९१ अदखलपात्र आहे, पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करणार नाहीत.

व्हिडिओचं मात्र डोक्यातून काढून टाका. तो माणूस खरंच दिव्यांग निघाला तर चारचौघांत दिव्यांगाचा हेतुपुरस्सर अपमान म्हणून त्याच कायद्याचं कलम ९२ तुमच्या भावावर लागू शकतं: किमान 6 महिने, जास्तीत जास्त 5 वर्षं. खोट्या फौजीला किमान शिक्षा नाही, तुमच्या भावाला आहे! अब्रुनुकसानीचं ३५६ वेगळंच.

कृष्णाकाठ:
बाप रे. भावाला दाखवलं, त्याने मोबाइल खिशात ठेवलाय. पण ताई, नुसतं खोटं बोलणं गुन्हाच नाही? हुतात्म्यांच्या नावावर बाजार मांडला तरी?

हडसनकाठची:
हा प्रश्न अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता म्हणून लिहिते. तिथे २००६ मध्ये कायदा झाला की न मिळालेलं शौर्यपदक मिळालं असं खोटं सांगणं हाच गुन्हा. कॅलिफोर्नियातल्या पाणी मंडळाच्या एका सदस्याने सर्वोच्च पदक मिळाल्याची थाप मारली, खटला चालला आणि २०१२ मध्ये कोर्टाने कायदाच रद्द केला. नुसती थाप ही अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येते म्हणाले. मग २०१३ मध्ये नवा कायदा: पैसा, मालमत्ता किंवा दुसरा ठोस फायदा उकळण्यासाठी थाप मारली तर गुन्हा, 1 वर्षापर्यंत कैद. म्हणजे काळाकोट ताई म्हणतात तेच, लाभ कुठे आहे ते बघा.

न्यूयॉर्कची गंमत आणखी वेगळी. यादवी युद्धातल्या अपंग सैनिकांना पोट भरता यावं म्हणून राज्याने १८९४ मध्ये फेरीवाल्याचा हक्क दिला. शहरात वस्तू विकणाऱ्यांचे सर्वसाधारण परवाने बरीच वर्षं ८५३ वर गोठवलेले होते, पण माजी सैनिक त्या मर्यादेबाहेर, आणि अपंग माजी सैनिकांना इतरांना बंद असलेल्या मोक्याच्या रस्त्यांवरही मुभा. मग काय, मोठ्या म्युझियमसमोर हॉटडॉगच्या गाड्या उभ्या आणि प्रत्येकीजवळ खुर्चीत बसलेला एक खराखुरा अपंग सैनिक. गाडी दुसऱ्याची, माल दुसऱ्याचा, सैनिक रोजावर. लोक त्याला 'रेंट-अ-व्हेट' (भाड्याचा माजी सैनिक) म्हणायचे. तुमच्याकडचा माणूस खोटा आहे की भाड्याचा, हे एकदा बघा.

कृष्णाकाठ:
हडसनकाठची, तुमचं वाचून भावाला पहाटे स्टँडवर पाठवलं (व्हिडिओ न काढायच्या अटीवर). साडेसहाला छोटा हत्ती आला. गाडीचा मालक गावातलाच एक होलसेलवाला निघाला. त्याच्या पोराने बाटल्यांची क्रेट उतरवली, फ्लेक्स बांधला, स्टूल मांडलं, आणि हा गृहस्थ मागून रिक्षाने आला. पाय खरंच अधू आहे. चहावाला म्हणतो, पूर्वी कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायचा, अपघात झाला. रोज तीनशे मिळतात त्याला. गल्ला संध्याकाळी पोरगाच घेऊन जातो.

आता मलाच कळेना कुणावर तक्रार करायची. मामांचा पारा मात्र होलसेलवाल्याकडे वळलाय.

फौजी_नाना:
बघा! म्हणून म्हणालो होतो घरी थांबवा. स्टुलावरच्याला हात लावला असता तर अपंगाला मारलं म्हणून हवालदार साहेबच आत गेले असते.

काळाकोट:
मग गणित बदललं. पथविक्रेता कायदा २०१४ बघा. विक्रीचं प्रमाणपत्र घेताना विक्रेत्याला हमीपत्र द्यावं लागतं (कलम ५): धंदा मी स्वतः किंवा घरच्यांमार्फत करेन, उपजीविकेचं दुसरं साधन मला नाही, आणि प्रमाणपत्र भाड्याने किंवा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने हस्तांतरित करणार नाही. अटी मोडल्या किंवा प्रमाणपत्र फसवणुकीने मिळवलं असेल तर कलम १० खाली ते रद्द होतं, अर्थात त्याचं म्हणणं ऐकून. प्रमाणपत्रच नसेल तर कलम २८, दंड २,००० पर्यंत. पथविक्रेता समितीने विक्रेत्यांची नावं, जागा, धंदा, प्रवर्ग अशी अद्ययावत नोंद ठेवायची असते (कलम २६). त्या नोंदीची माहिती मागा. त्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र मागू नका, वैयक्तिक म्हणून नाकारतील.

खोट्या पाटीचा फायदा होलसेलवाल्याच्या खिशात जातोय. फसवणुकीची तक्रार झालीच तर नाव त्याचं पुढे यायला हवं, स्टुलावरच्याचं एकट्याचं नको. तीनशे रुपये रोजावरचा माणूस आत गेला की मालक उद्या दुसरा बसवेल.

आणि एक अडचणीचं बोलते, राग मानू नका. मामांनी रसवंतीसाठी कोणता अर्ज दिलाय? पथविक्रेत्याचा असेल तर 'दुसरं साधन नाही' हे हमीपत्र त्यांनाही द्यावं लागेल, आणि मामांना पेन्शन आहे. पेन्शन हे त्या अर्थाने साधन आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण ती लपवून सही करू नका. त्यापेक्षा दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३७ चा आधार घ्या. व्यवसायासाठी सवलतीच्या दराने जागा वाटताना दिव्यांगांना 5 टक्के राखीव आहेत. युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढलंय ना? 40 टक्के किंवा त्यावरचं, म्हणजे पिवळं किंवा निळं हवं.

कृष्णाकाठ:
पिवळं आहे. आणि हो, अर्ज पथविक्रेत्याचाच होता, पेन्शनचा रकाना एजंटाने कोरा सोडलाय. उद्याच जाऊन दुरुस्त करून घेते. हातगाडीचा अर्ज कुणाच्या नावे करू?

काळाकोट:
मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, प्रत पथविक्रेता समितीला आणि जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. 'खोटा सैनिक' हे शब्द कुठेही नकोत. 'सदर फलकावरील माजी सैनिक असल्याच्या दाव्याची व गाडीच्या मालकीची पडताळणी व्हावी' एवढंच. भावाने जे डोळ्यांनी पाहिलं ते वेळेसह, चहावाल्याने सांगितलेलं वगळून. खोटी माहिती दिली म्हणून उद्या तुमच्यावर २१७ यायला नको. आणि आवक-जावकला शिक्का मारून पोच घ्या, या खेपेला एजंटाच्या हाती देऊ नका.