विद्यार्थी आंदोलन आणि पोलीस : तुम्ही तिथे होतात का?

मार्च 2021 मध्ये एमपीएससीची (महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची) राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवसांवर आली असताना पुढे ढकलली आणि पुण्यात नवी पेठेतल्या अभ्यासिका रस्त्यावर उतरल्या. फेब्रुवारी 2023 मध्ये परीक्षेची वर्णनात्मक पद्धत (पर्याय निवडण्याऐवजी सविस्तर उत्तरं लिहायची) 2025 पासून लागू करा म्हणून ठिय्या झाला. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यसेवा आणि आयबीपीएसच्या (बँक भरतीच्या) परीक्षा एकाच दिवशी आल्या, शास्त्री रस्ता पुन्हा भरला. अशा वेळी पोलिसांच्या कोणत्या वागण्याने गर्दी निवळली, कोणत्याने चिघळली, ते सांगा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढचं आंदोलन होणारच आहे. नावं नकोत, ठाण्याचंही नको. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.

स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, सदाशिव पेठ
मी लातूरकडचा, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायचो. पहिल्या रात्री एक साहेब आले आणि सरळ पुढच्या रांगेसमोर मांडी घालून बसले. म्हणाले, "तुमच्यातले पाच जण निवडा, मी त्यांच्याशीच बोलेन. अँब्युलन्सला एक बाजू सोडा. न सांगता कुणाला उचलणार नाही." बाजू आम्हीच मोकळी केली, दोरी धरून आमचीच पोरं उभी राहिली. साहेब मधूनमधून परत यायचे. मुंबईहून सरकारचं काही कळलं नसेल तर "अजून काही नाही" एवढंच सांगून जायचे. त्यामुळे अफवेला जागाच राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी बंदोबस्त बदलला. रात्री काय ठरलं होतं ते नव्या तुकडीला कुणी सांगितलंच नसावं. साध्या वेशातल्या एकाने मागून एका पोराची कॉलर धरून ओढलं. तो पोलीस आहे हे कुणाला कळणार? भांडण लागलं समजून मागची पोरं पुढे धावली, आणि काठ्या सुरू झाल्या. माझ्या रूममेटला आठवडाभर जिना उतरता येईना.

निवृत्त हवालदार
काठी कमरेखाली मारायची हे आम्हाला शिकवलेलं असतं. पण घाबरलेला माणूस खाली वाकतो आणि डोकं काठीच्या टप्प्यात येतं. म्हणून आमचे एक अधिकारी तुकडी उभी करण्याआधी गल्ल्या बघून घ्यायचे. दोन्ही तोंडं बंद करून "पांगा" म्हटलं तर पोरं जाणार कुठे? आणि सकाळपासून उपाशी उभ्या असलेल्या शिपायाला संध्याकाळी पुढच्या फळीत ठेवू नये. त्याचाही तोल जातो.

(काका, मनापासून आभार. ही बाजू इतकी स्पष्ट क्वचितच ऐकायला मिळते.)

वकील, शिवाजीनगर
1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 148 लागू आहे. पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो. प्रभारी नसेल तर किमान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. बळाचा वापर ती पुढची पायरी आहे. हुकूम मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेला का, हे मी प्रत्येक वेळी विचारते.

माजी विद्यार्थिनी
आम्हा मुलींना व्हॅनमध्ये बसवलं तेव्हा कुठे नेताहेत ते कुणी सांगेना. एकीला रडू आवरेना, दुसरी दार बडवायला लागली. तेवढ्यात पुढे बसलेल्या ताई, महिला शिपाई होत्या, मागे आल्या. ठाण्याचं नाव सांगितलं, वहीत सगळ्यांची नावं लिहिली आणि म्हणाल्या, "आधी घरी फोन करा. कुठे आहात ते सांगा, मग बोलू." दार बडवणारी पहिल्यांदा खाली बसली, तिने आईला फोन लावला.