इंजिन बांधल्यानंतर क्लच हाउसिंगमधून ऑइल गळते आहे. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी काय तपासावे?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आमची शेती आहे आणि वावरात, बाजारात ये-जा करण्यासाठी घरी 2003 सालची चार सिलिंडरची डिझेल जीप आहे. गेल्या हिवाळ्यात ती निळा धूर सोडू लागली, म्हणून इंजिन पूर्ण बांधून घेतले. ब्लॉक बोअर करून 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन बसवले, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) 0.25 मिलिमीटरने घासला, रिंग, बेअरिंग, सगळी पॅकिंगे आणि ऑइल सील नवीन टाकली. सुटे भाग यायला वेळ लागल्यामुळे इंजिन दीड महिना गोठ्याच्या पडवीत उघडेच पडून होते. हा तपशील पुढे कामाचा ठरला, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

त्यानंतर गाडी सुमारे 900 किलोमीटर चालली आहे. ओढ चांगली आहे, धूर नाही. पण क्लच हाउसिंगच्या तळाला जे छिद्र असते त्यातून ऑइल ठिबकते. मिस्त्रींनी पहिल्यांदा "सील बसायला वेळ लागतो" असे सांगितले, आणि आता मागचे मेन सील (क्रँकच्या मागच्या टोकाभोवतीचे ऑइल सील) गेले आहे, गिअरबॉक्स उतरवावा लागेल असे म्हणतात. त्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, परंतु दोन दिवसांचे काम आणि मजुरी दुसऱ्यांदा करण्यापूर्वी ऑइल नेमके कुठून येते याची खात्री करून घ्यावी असे मला वाटते.

आतापर्यंत मी जे केले ते असे. ब्रश आणि डिझेलने इंजिनची मागची बाजू धुऊन काढली, कोरडी झाल्यावर वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेपासून तळाच्या ऑइल चेंबरपर्यंत अंगाला लावायची साधी पावडर फवारली आणि पांढरकवड्यापर्यंत जाऊन आलो. टॅपेट कव्हर, ऑइल प्रेशरचा स्विच, फिल्टरची बैठक या सर्व ठिकाणी पावडर कोरडीच राहिली, त्यामुळे वरून ओघळून मागे येणारे ऑइल हे नाही एवढे ठरले. खताच्या रिकाम्या पोत्याची पांढरी बाजू खाली अंथरून थेंब पाहिले. ते काळे आहेत आणि त्यांना गिअर ऑइलचा उग्र गंधकी वास नाही, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलवरचा संशयही गेला.

गळतीची तऱ्हा मात्र मला बुचकळ्यात टाकते. फ्लायव्हीलमागचा ऑइल गॅलरीचा (ब्लॉकमधल्या दाबाच्या ऑइलच्या वाटेचा) प्लग गळत असता, तर थंड इंजिन सुरू करताच, जेव्हा ऑइलचा दाब सर्वांत जास्त असतो तेव्हा, धार दिसायला हवी होती. पण तेव्हा काहीच पडत नाही. चेंबरच्या पॅकिंगचा मागचा कोपरा गळत असता, तर रात्रभर उभ्या गाडीखालीही डाग वाढला असता. सकाळी तो जेमतेम रुपयाएवढा असतो. खरी गळती लांब पल्ल्यावर, गाडी भरलेली असताना आणि इंजिन तापल्यावरच होते. त्यावरून क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या इंजिनच्या खालच्या पोकळीत, दाब साठतो असा संशय आला. मी ऑइलचे झाकण सैल करून इंजिन चालू ठेवले, तर झाकण थरथरत होते.

मग ब्रीदरचा, म्हणजे हा दाब बाहेर सोडणारा, पाइप काढला. त्याच्या वाकात सुकलेल्या मातीचा करंगळीएवढा गोळा बसला होता आणि काडीने टोकरल्यावर त्यातून वाळक्या कोळ्यांचे तुकडे पडले. गोठ्यात पडलेल्या पाइपात कुंभारीण माशीने घर केले होते, आणि बसवताना कोणी त्यातून फुंकून पाहिले नव्हते! (मीही तिथेच उभा होतो, त्यामुळे एकट्या मिस्त्रींना बोल लावता येत नाही.) पाइप साफ करून बसवल्यावर झाकणाची थरथर थांबली. तेवढ्याच अंतराच्या फेरीनंतर पूर्वी तासाला वीस-बावीस थेंब पडत, आता सहा-सात पडतात.

येथे माझी अडचण सुरू होते. हे सहा-सात थेंब हाउसिंगमध्ये आधीच साचलेल्या ऑइलचे आहेत, की दाबाने सीलची ओठाळी (क्रँकला टेकणारी रबरी कड) एकदा उलटली आणि ती आता पूर्ववत होणार नाही? किती किलोमीटर चालवून, डिपस्टिकवर किती उतार दिसल्यास निर्णय घ्यावा? आणखी एक गोष्ट मनात आहे. क्रँक घासून आणल्यावर सील ज्या भागावर बसते तो भाग मिस्त्रींनी हातानेच एमरी पेपरने चमकवला होता. अशा घासण्याने उठलेल्या तिरप्या रेघा स्क्रूच्या आट्यांसारखे काम करून ऑइल बाहेर ढकलतात असे मी ऐकले आहे. तसे असेल तर नवीन सीलही गळणारच.

क्लच अजून घसरत नाही, पण प्लेटला ऑइल लागले की थांबता येणार नाही, आणि मृगाला फार दिवस उरलेले नाहीत. गिअरबॉक्स उतरवावाच लागला, तर सील दीड-दोन मिलिमीटर आतबाहेर सरकवून ओठाळी कोऱ्या जागेवर आणणे पुरेसे होते, की क्रँकवर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) चढवून घ्यावी? ज्यांनी यांपैकी एखादे काम स्वतः केले आहे, त्यांनी ते पुढे किती टिकले तेही कृपया लिहावे.